बिळाच्या तोंडाशी

टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, बघायला म्हणून जे पहिल्यांदा रात्री डोंगरात येतात, त्यांना बहुतेकदा बेडूक दिसतात. बेडूक, नाकतोडे, एखादी गोम आणि स्वतःच्याच बॅटरीभोवती घोंघावणारे किडे. तासाभरात मंडळी कंटाळतात, गप्पा सुरू होतात, आवाज चढतात आणि मग जे दिसायची शक्यता होती तेही दिसत नाही. माझी सुरुवात अशाच एका गटात झाली. साप-सरड्यांची आवड होती, दिवसाचे ट्रेक अंगवळणी पडले होते, त्यामुळे चालण्याची भीती नव्हती. अडचण चालण्याचीच होती. आम्ही फार चालायचो.

हे ज्यांनी लक्षात आणून दिलं ते कोळ्यांवर संशोधन करणारे एक गृहस्थ. वयाने मोठे, सगळेच त्यांना दादा म्हणतात. दादांबरोबर बाहेर पडलं की तासाला जेमतेम दोन-तीनशे मीटर अंतर कापलं जातं. मध्येच ते थांबतात, रस्त्याकडेच्या दरडीवर झोत टाकतात, तो हळूहळू वरून खाली आणतात, मग पाऊलभर पुढे. पहिल्या रात्री मी विचारलं, "दादा, तुम्ही बघताय काय?" ते म्हणाले, "प्राणी शोधू नकोस. तो राहील कुठे ते शोध. घर सापडलं की घरमालक आज नाही तर उद्या भेटतो." सह्याद्रीतल्या पावसाळी रात्रींमध्ये मी पुढे जे काही शिकले ते सगळं या एका बोलण्याच्या मागे-पुढेच आहे.

कधी जायचं हे पाऊस ठरवतो. मृगाचा पाऊस नीट लागला, जमीन मऊ झाली, वाळवीला पंख फुटून ती हवेत उडायला लागली की आठवडाभरात सगळं जागं होतं. धो-धो पावसात काही हाती लागत नाही. दिवसभर पडून संध्याकाळी थांबलेला पाऊस, उबदार दमट हवा आणि वारा नाही, अशी रात्र उत्तम. पौर्णिमेच्या आसपास आम्ही शक्यतो टाळतो, कारण स्वच्छ चांदण्यात उघड्यावर फिरायला बरेच निशाचर कचरतात. आणि जागा? अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात अंधार पडल्यावर पायी हिंडायला मिळत नाही, ते बरोबरच आहे. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी काढायची. उरतात खाजगी रानं, बांध, पठारं, घाटरस्त्यांच्या कडा. जमीनमालकाला आधी सांगून जावं. रात्री अकरा वाजता आपल्या रानात बॅटऱ्या फिरताना दिसल्या तर कुणालाही शिकारीचाच संशय येईल.

सामान थोडं लागतं. एक हेडटॉर्च, एक हातातली बॅटरी, दोन्हींचे जादा सेल, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, काठी. जळवांसाठी मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावणारे लावतात; मला त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. जळू चावते, रक्त येतं, थांबतं. त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

हेडटॉर्चबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण रात्रीच्या शोधाची बाराखडी तिथून सुरू होते. दिवा डोळ्यांच्या रेषेत असेल तरच समोरच्या प्राण्याच्या डोळ्यांतून परत आलेला उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो. कमरेजवळ धरलेल्या बॅटरीने हे होत नाही. बऱ्याच निशाचरांच्या डोळ्यांत पडद्यामागे परावर्तक थर असतो. आत आलेला उजेड तो परत फिरवतो, त्यामुळे त्या प्राण्याला कमी प्रकाशातही जास्त दिसतं आणि आपल्याला चमक दिसते. रस्त्यावर बसलेला रातवा पक्षी दुरून लाल निखाऱ्यागत पेटलेला दिसतो तो यामुळेच. गवतावर झोत टाकला की शेकडो हिरवट-निळे ठिपके चमकतात. त्यातले काही दवाचे थेंब. डोकं किंचित हलवलं की थेंबाचा रंग बदलतो, तो लुकलुकतो. जो ठिपका स्थिर राहतो, एकाच रंगाचा राहतो, तो डोळा. तिथे चालत जायचं. बहुतेक वेळा तो निघतो लांडगा कोळी.

अशाच एका ठिपक्यापाशी गेले तेव्हा तो जवळ आल्यावर एकाचे अनेक झाले. खाली वाकून पाहिलं तर एक मादी होती आणि तिच्या पाठीवर पिल्लांचा थर. एकावर एक, पोट झाकून जाईल इतकी पिल्लं, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत माझ्या बॅटरीचा सुईच्या टोकाएवढा उजेड. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकावरच्या धागा काढणाऱ्या अवयवांना चिकटवून बरोबर घेऊन फिरते आणि पिल्लं बाहेर आली की ती तिच्या पाठीवर चढून बसतात, हे माहीत होतं. माहीत असणं आणि ते सगळे डोळे एकदम आपल्याकडे वळलेले बघणं यात फरक आहे. मी श्वास सोडला तशी ती दोन पावलं सरकली आणि एक पिल्लू घसरून गवताच्या पात्यावर पडलं. आईच्या पायावर पाय ठेवून ते पुन्हा वर चढलं.

एवढं सगळं चमकतं, आणि आपण ज्यांच्यासाठी आलो ते नेमके चमकत नाहीत. टॅरँटुलाचे आठही डोळे डोक्यावरच्या एका बारक्या उंचवट्यावर दाटीने बसलेले असतात. त्यांची चमक इतकी फिकी की अगदी जवळून, अचूक कोनातूनच ती कळेल. सापांच्या डोळ्यांत तर तो परावर्तक थर नसतोच. मग टॅरँटुला शोधायचा तो घरावरून आणि साप शोधायचा तो आकारावरून. चमक फक्त नजरेला शिस्त लावते.

घर म्हणजे बीळ. आमच्या भागात घाटरस्त्यासाठी डोंगर कापून ज्या उभ्या मातीच्या दरडी तयार झालेल्या असतात, त्यांत टॅरँटुला छान नांदतात. उभ्या दरडीत पाणी साचत नाही, वर झाडांची मुळं माती धरून ठेवतात. पण दरडीत भोकं असंख्य असतात: खेकड्यांची, उंदरांची, मुळं कुजून पडलेली. खेकड्याच्या बिळाबाहेर मातीच्या गोळ्या पडलेल्या असतात, उंदराच्या बिळाकडे गुळगुळीत झालेली वाट असते. टॅरँटुलाचं बीळ ओळखायचं ते तोंडाभोवतीच्या रेशमावरून. दारात पांढरं फडकं अंथरावं तशी धाग्यांची एक पातळ चादर बिळाच्या आतून बाहेर येते आणि तोंडाच्या कडेने मातीवर पसरते. ओली असली तर तिच्यावर थेंब अडकतात आणि ती दुरूनही दिसते. वापरातलं बीळ स्वच्छ असतं. आत इतर कोळ्यांची जाळी नसतात, पाचोळा अडकलेला नसतो, खाली कधी भुंगेऱ्यांचे कडक पंख पडलेले असतात. जुनं, सोडून दिलेलं बीळ उदास दिसतं, कडेचं रेशीम पिवळट आणि धुळकट झालेलं.

दादांनी दाखवलेलं पहिलं बीळ माझ्या छातीच्या उंचीवर होतं. तोंड दोन बोटं जातील एवढं. हेडटॉर्चवर त्यांनी लाल काच चढवली, मला तीन-चार फूट मागे उभं केलं आणि म्हणाले, "आता पाय हलवायचा नाही. तिला तू दिसत नाहीस, पण तुझं पाऊल कळतं." टॅरँटुलाची नजर अधू असते. जग तिला कळतं ते पायांतून. पायांवरचे काही केस इतके नाजूक असतात की हवेची हालचालही त्यांना जाणवते, आणि जमिनीची थरथर टिपायला कातडीत बारीक फटींसारखी इंद्रियं असतात. आम्ही बहुधा ती दचकून आत गेल्यावरच तिथे पोचलो होतो. बराच वेळ काही नाही. बिळात नुसता काळोख. मग त्या काळोखाच्या कडेला दोन ठिपके आले, राखाडी, मऊ. पायांची टोकं. मग आणखी दोन. ती टोकं रेशमावर ठेवली गेली आणि तशीच राहिली. बाकीची ती आत. वर कुठेतरी पाली बोलत होत्या, माझ्या कानाशी डास होता, आणि ती चार टोकं हलत नव्हती.

मग एक झुरळ दरडीवरून खाली उतरत आलं. रानातलं, पंख नसलेलं. रेशमाच्या कडेवर त्याचा एक पाय पडला असेल नसेल, बिळाचं तोंड रिकामं झालं आणि भरलं. मधलं मला दिसलंच नाही. दिसली ती मादी, समोरचा सगळा भाग बाहेर, झुरळ जबड्याखाली, पुढचे पाय त्याच्याभोवती. तपकिरी-सोनेरी अंग, पोटावर आडवे गर्द पट्टे, आणि लाल काच काढल्यावर पाठीच्या कवचावर जांभळट झाक. पाय पसरले तर माझ्या तळव्याएवढी. पाठमोरी होऊन ती सावकाश आत गेली. ही चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस, पश्चिम घाटातली. १८९९ मध्ये ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी हिचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच वर्षी त्यांनी भारतातल्या टॅरँटुलांच्या बऱ्याच जाती जगासमोर आणल्या, लंडनच्या संग्रहालयात बसून, पाठवल्या गेलेल्या मेलेल्या नमुन्यांवरून. त्या पाय वर घेतात कशा, शिकार ओढतात कशी, हे त्यांना बाटलीतून दिसण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर मी त्या बिळाकडे परत परत जात राहिले. टॅरँटुला शोधण्यातली खरी गोडी इथेच आहे, असं माझं मत. पक्षी उडून जातो, साप निघून जातो. बिळातली मादी मात्र तिथेच असते, आणि ती फार काळ असते. या कुळातल्या माद्या दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, काही त्याहून जास्त. टॅरँटुलांच्या नात्यातल्याच, बिळाला झाकणासारखं दार करणाऱ्या एका कोळ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये बिळांना क्रमांक देऊन नोंदी घ्यायला सुरुवात केली. त्यातली सोळा क्रमांकाची मादी २०१६ मध्ये गेली तेव्हा ती ४३ वर्षांची होती, आणि सगळं आयुष्य त्याच एका बिळात. बहुधा परजीवी गांधीलमाशीने तिचा घात केला. जिच्या घराचा पत्ता इतकी वर्षं बदलत नाही, तिला बाहेर काढून काडीवर नाचवलं तर ती परत त्याच घरात जाईल का, त्या धक्क्याने बीळ सोडेल का, हे प्रश्न मग आपोआप पडायला लागतात.

नराचं मात्र उलटं. वयात आला की त्याचं बीळ सुटतं. पावसाच्या पहिल्या रात्रींत रस्ता ओलांडताना जो टॅरँटुला दिसतो तो जवळजवळ नेहमी नर. लांबुडके पाय, बारकं पोट, आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं फुगलेली. शुक्राणू त्यात भरलेले असतात. तो बिळाबिळांकडे जातो आणि रेशमाच्या कडेवर पाय ठेवून थरथरतो, ठोके देतो. आतून उत्तर आलं तर पुढचं. एकदा असा एक नर आमच्या त्या दरडीवर चढताना दिसला. रेशमावर आल्यावर तो थांबला, पुढच्या पायांनी थापट्या मारल्या, थांबला, पुन्हा मारल्या. आतून काहीच नाही. तो बाजूने चढून वर मुळांमध्ये निघून गेला. एकदा वयात आल्यावर त्याच्याकडे जास्तीत जास्त वर्षभराचा वेळ असतो, बऱ्याचदा काही महिन्यांचाच. त्यात गाड्यांचे टायर आलेच.

झाडावरच्या टॅरँटुलांसाठी नजर बदलावी लागते. पोसिलोथेरिया वंशातले हे कोळी जुन्या झाडांच्या ढोलीत, सुटलेल्या सालीखाली राहतात. राखाडी अंगावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे पट्टे, सालीवर चिकटून बसला की हात लावेपर्यंत कळणार नाही, आणि हात लावायचा नसतोच. रीगॅलिस जातीच्या पुढच्या पायांची खालची बाजू पिवळीजर्द असते. डिवचला की पाय वर करून तो ती दाखवतो. अमेरिकेतल्या बऱ्याच टॅरँटुलांच्या पोटावर खाज आणणारे केस असतात, ते पायांनी उडवून ते शत्रूला पळवतात. आपल्याकडच्यांकडे ते हत्यार नाही, त्यामुळे ते पळतात किंवा चावतात. रीगॅलिसच्या दंशाने माणूस मेल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण वेदना आणि पुढे दिवसेंदिवस राहणारे स्नायूंचे पेटके हे ज्यांनी भोगलंय ते पुन्हा ढोलीत बोट घालत नाहीत. आणि ते पळतात! मी एकदा ढोलीच्या कडेवर एकाला बघत होते, शेजारच्या माणसाने खोकला काढला आणि झाडावर फक्त साल उरली.

याच वंशातला निळा, मेटॅलिका, आंध्रातल्या गुत्तीजवळ १८९९ मध्ये सापडला आणि नंतर शंभर वर्षं कुणाला जंगलात दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलपट्ट्यात. आज तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोडतो. एक कारण जंगलतोड, दुसरं कारण तो निळा आहे. जगभरातल्या हौशी लोकांना तो पेटीत हवा असतो. २०१९ मध्ये हा सगळा वंशच वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. कागदावर. त्यामुळे दादा फोटोतला ठिकाणाचा तपशील पुसल्याशिवाय एकही चित्र कुणाला पाठवत नाहीत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण धूसर करायची सोय असते, मग नकाशावर नेमका बिंदू न दिसता वीसेक किलोमीटरचा चौकोन दिसतो. ती सोय वापरा. बिळाचा नेमका पत्ता मी जवळच्या मित्रांनाही देत नाही, आणि यावरून रुसवेफुगवे झाले आहेत. होऊ देत.

सरपटणाऱ्यांकडे वळायचं तर आधी झोपलेल्यांकडे बघायचं. सरडे रात्री फांद्यांच्या अगदी टोकाला, बारीक काटकीवर झोपतात, कारण शिकारी चढला तर काटकी हलून जाग येते. झोतात त्यांचं पोट फिकट, जवळजवळ पांढरं दिसतं; झुडपाच्या काळोखात ती पांढरी रेघ एकदा ओळखता आली की एकाच झाडावर चार-चार दिसायला लागतात. हरणटोळही दिवसाचा साप. रात्री तो फांदीवर वेटोळं करून, डोकं आत घेऊन पडलेला असतो, डोळे उघडेच, कारण सापाला पापण्या नसतात. त्यामुळे तो झोपलाय की बघतोय हे सांगता येत नाही. झोत दोन क्षणांपेक्षा जास्त ठेवू नये. दिवसा उन्हात शिकार करणाऱ्या प्राण्याची रात्र आपण खराब करायची नाही.

चापडा हा विषारी साप वेगळा. तो रात्री कामावर असतो. ओढ्याच्या काठची कारवी, बांबू, दगडांवरची शेवाळं, तिथे इंग्रजी एस काढावा तशी मान आखडून बसलेला. मलबार चापड्याचे रंग इतके की ओळखीबद्दलच शंका येते: हिरवा, तपकिरी, पिवळट, कधी जांभळट छटेचा. नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये एक खड्डा असतो, त्यातून त्याला उष्णता जाणवते, त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदीर त्याच्यासाठी उजेडात असतो. आणि तोही पत्ता राखणारा आहे. एका खडकाच्या कडेवर आम्हाला जो पिवळट चापडा दिसला तो पुढे कितीतरी रात्री तिथेच होता, कधी तोंड ओढ्याकडे, कधी रस्त्याकडे. एका रात्री त्याच्या पोटाचा मधला भाग फुगलेला होता. तो बसल्या जागीच जेवला होता.

कवड्या, मांजऱ्या, दिवड, पावसानंतर जमिनीवर आलेला खापरखवल्या, हे सगळे सापही भेटत राहतात. बिबट्या पाल भेटली तर लोक मागे सरतात; ती विषारी असल्याची समजूत खेडोपाडी पक्की आहे. भारतात विषारी पालच नाही. मोठे डोळे, हलणाऱ्या पापण्या, आणि चालताना पोट जमिनीपासून उचलून धरायची तऱ्हा. तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं, बस.

ज्याला मी खरोखर घाबरते ते म्हणजे फुरसं. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्याच्या दगडांमध्ये, सुकलेल्या गवतात, वीतभर-दीड वीत लांब. रंग दगडाचाच. ओल्या जमिनीला कंटाळून पावसाळ्यात ते छोट्या झुडपांवरही चढतं, म्हणजे हाताच्या उंचीवर. वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढतं, आणि तो आवाज सड्यावरच्या वाऱ्यात ऐकू येईलच असं नाही. म्हणून सड्यावर आमची रांग ठरलेली असते. पहिला फक्त पायांपुढे बघतो, दुसरा डाव्या हाताला, तिसरा उजव्या. पहिल्याने थांब म्हटलं की सगळे थांबले, कारण न विचारता. पहिल्याचं काम कंटाळवाणं आहे, कुणालाच आवडत नाही, म्हणून ते पाळीने असतं.

दंशाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. त्यात हौसेने हिंडणारे नगण्य, शेतात राबणारे आणि घरात जमिनीवर झोपणारेच बहुतेक. आपण मात्र मुद्दाम तिथे जातोय. बाजारात मिळणारी सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे. चापड्याच्या विषावर ती नाही. त्यामुळे निघण्याआधी जवळचं कुठलं रुग्णालय रात्री उघडं असतं, तिथे लस आहे का, गाडी कुठे उभी राहील, फोनला रेंज कुठून येते, हे विचारून ठेवलेलं असतं. दंश झालाच तर अवयव हलू द्यायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं-चोखायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि गाडीकडे निघायचं. सापाचा फोटो दुरून, जमला तर. त्याला पकडून बाटलीत घालून आणणारे महाभाग असतात. त्यांना रांगेत घेऊ नये.

काडीबद्दल बोलायचं राहिलं. गवताची काडी बिळात घालून टॅरँटुलाला बाहेर खेचायचं, नाहीतर पाणी ओतायचं, म्हणजे फोटो पूर्ण मिळतो. माझ्या मते हा फोटो काढण्यासारखा नाही. बिळाचं रेशीम फाटतं, ते पुन्हा विणायला रात्री जातात, आणि आत अंड्यांची पिशवी असेल तर सगळंच गेलं. तसंच दगड उलथणं. दगडाखाली विंचू असेल, सापसुरळी असेल, आणि दगड परत जसाच्या तसा ठेवला तरी खालची ओल गेलेली असते. विंचू बघायचेच असतील तर अतिनील बॅटरी घ्या. त्या उजेडात त्यांचं कवच निळसर-हिरवं चमकतं, दगड हलवायची गरज नाही. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. कवच कडक झालं की रंग येतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही बॅटरी बिघडली समजून सेल बदलत बसलो होतो.

बिळं कधी बंदही होतात. तोंडाशी माती आणि रेशीम यांची भिंत. कात टाकायची असेल, अंडी असतील किंवा ती मेली असेल. नोंदवहीत "तोंड बंद" एवढंच लिहायचं. आमच्या छातीच्या उंचीवरच्या त्या बिळाचं असंच झालं, मग महिन्याभराने उघडलं, आणि बाहेर आलेली पायांची टोकं आधीपेक्षा गर्द होती. कात टाकून झाली होती.

नंतर रस्ता रुंदीकरण आलं. उन्हाळ्यात जेसीबीने ती दरड मुळांसकट कापून नेली, आठ-दहा फूट आत. कुणाला विचारायला जावं असं तिथे काही नव्हतं. कोळ्यांची बिळं कुठल्या यादीत नसतात. पाऊस लागल्यावर दादा आणि मी नव्या कापावर गेलो. माती कच्ची, लालभडक, वर एकही मूळ नाही. खालच्या कोपऱ्यात मात्र पेन्सिल जाईल एवढी दोन-तीन भोकं होती, कडेने धाग्यांची बारीक झालर. पिल्लं. आजूबाजूच्या रानातून आलेली. दादांनी पट्टी लावून तोंडाचं माप घेतलं, मी लिहून घेतलं. त्यांची माद्या होऊन बिळं पुरती रुंद व्हायला काही वर्षं जातील.

त्या कापाला पुढच्या हंगामात सिमेंटची भिंत घालणार असं आता ऐकतोय. म्हणून नोंदी वरच्या सड्याखालच्या एका बांधावर हलवल्या आहेत. बिळं तिथेही आहेत, मालकाची परवानगी मिळाली आहे. फुरसी जास्त, त्यामुळे रांगेत पहिला कोण हे निघण्याआधीच ठरवतो.